चाळिसाव्या षटकानंतरचा झहीर

२७ फेब्रुवारी २०११. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर विश्वचषकातला भारत–इंग्लंड सामना जवळजवळ हातातून गेला होता. सचिन तेंडुलकरच्या १२० धावांच्या जोरावर भारताने ३३८ धावा उभारल्या खऱ्या, पण इंग्लंडचा कर्णधार अँड्र्यू स्ट्रॉस दीडशेच्या पुढे पोहोचला होता, इयन बेल पन्नाशी ओलांडून निवांत खेळत होता आणि धावफलकावर दोन बाद २८१ असे आकडे होते. साठहूनही कमी धावा हव्या होत्या आणि आठ गडी हातात होते. स्टेडियम गप्प झालं होतं. त्यात इंग्लंडने फलंदाजीचा पॉवर-प्ले घेतला आणि महेंद्रसिंह धोनीने चेंडू झहीर खानकडे दिला.

४३ व्या षटकात बेल विराट कोहलीकडे झेल देऊन परतला. पुढचाच चेंडू स्ट्रॉसच्या पायाशी घुसला, पायचीत. झहीरच्या पुढच्या षटकात पॉल कॉलिंगवूडची यष्टी उडाली. दोन षटकांत इंग्लंडचा डाव असा काही गडगडला, की शेवटच्या षटकात त्यांना विजयासाठी १४ धावा हव्या होत्या. मुनाफ पटेलने त्या षटकात १३ दिल्या आणि सामना बरोबरीत सुटला. त्या दिवशी सचिनच्या शतकाची चर्चा झाली, स्ट्रॉसच्या १५८ धावांची झाली. भारताला पराभवातून ओढून काढणाऱ्या त्या दोन षटकांची व्हायला हवी तेवढी झाली नाही.

अमेरिकेत सामना वाचवण्याच्या या कामासाठी खास माणूस नेमलेला असतो. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. सामन्याची सुरुवात करणारा पिचर पाच-सहा डाव, फार तर सात, टाकतो. तो थकला किंवा प्रतिस्पर्ध्यांना त्याचा अंदाज आला की संघाचा मॅनेजर डगआउटमधून टेलिफोन उचलतो. मैदानाच्या कडेला ‘बुलपेन’ नावाची जागा असते. तिथे राखीव पिचर हात मोकळा करत थांबलेले असतात. फोन वाजला की त्यांतला एक उठतो आणि चालत्या सामन्यात उतरतो. तोच रिलीफ पिचर. एकदा बदललेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, त्यामुळे आलेल्याने निभावून न्यायचंच असतं. निसटती आघाडी टिकवून सामना संपवणाऱ्याच्या नावावर ‘सेव्ह’ लागतो. या आकड्याला तिथे अधिकृत मान्यता मिळाली ती १९६९ मध्ये. तोवर अर्ध्या सामन्यानंतर येऊन संघाला वाचवणाऱ्यांची अधिकृत नोंद ठेवायची रीत नव्हती.

क्रिकेटमध्ये असा वेगळा माणूस नसतो. नवा चेंडू घेऊन सुरुवात करणाऱ्यालाच दुपारनंतर, पाय जड झाल्यावर, झिजलेल्या चेंडूनिशी पुन्हा यावं लागतं. सुरुवातही त्याचीच आणि निस्तरणंही त्याचंच. गेल्या पंचवीस वर्षांत भारतासाठी ही दोन्ही कामं सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत डोक्याने कुणी केली असतील, तर ती श्रीरामपूरच्या झहीरने. आणि त्याचं खरं मोठेपण नव्या चेंडूपेक्षा जुन्या चेंडूत आहे.

अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या उत्तर भागातलं श्रीरामपूर हे उसाचं आणि बाजारपेठेचं गाव. दौंड–मनमाड लोहमार्गावरच्या इथल्या स्टेशनला रेल्वे ‘बेलापूर’ म्हणते. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे फिरले, पाठोपाठ साखर कारखाने आले. जवळच लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सगळ्या महाराष्ट्राने त्याचा कित्ता गिरवला. या पट्ट्याने राज्याला पुढारी दिले, कारखानदार दिले, शिक्षणसंस्था दिल्या. वेगवान गोलंदाज मात्र इथून कधी निघाला नव्हता. क्रिकेट होतं ते सुगी झालेल्या रिकाम्या वावरातलं आणि शाळेच्या पटांगणावरचं, टेनिसच्या चेंडूवरचं.

७ ऑक्टोबर १९७८ रोजी झहीरचा जन्म इथे झाला. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. घर मराठी बोलणारं. मुलाची प्राथमिक शाळा हिंद सेवा मंडळाची न्यू मराठी शाळा आणि पुढे के. जे. सोमय्या विद्यालय. अभ्यासात बरा असलेल्या मुलाने इंजिनिअर व्हावं, असं त्या काळात नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही सुशिक्षित घरात ठरून गेलेलं असे. झहीरचा रस्ताही अभियांत्रिकीकडेच चालला होता. तो मोडून सतराव्या वर्षी मुलाला मुंबईला क्रिकेटसाठी पाठवायचं, हा निर्णय त्या घराने घेतला. एका मध्यमवर्गीय कुटुंबाने १९९०च्या दशकात घेतलेला हा निर्णय किती धाडसाचा होता, ते आज आयपीएलच्या लिलावात कोटींची बोली ऐकणाऱ्या पिढीला सांगूनही पटणार नाही. तेव्हा क्रिकेट सोडल्यावर परत यायला रस्ता नसे.

मुंबईत त्याला गुरू भेटले ते सुधीर नाईक. भारतासाठी तीन कसोटी खेळलेले सलामीवीर आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १९७०-७१ मध्ये मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे कर्णधार. त्या मोसमात मुंबईचे बिनीचे खेळाडू भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजमध्ये होते. उरलेल्यांना घेऊन नाईकांनी करंडक राखला. क्रॉस मैदानावरच्या त्यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये श्रीरामपूरचा हा उंच, डावखुरा मुलगा दाखल झाला. नाईकांना त्याच्यात कच्चा पण अस्सल वेग दिसला. पुढे हेच नाईक वानखेडे स्टेडियमच्या खेळपट्टीची देखभाल पाहू लागले. २०११च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची खेळपट्टी त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली आणि तिच्यावर पहिलं षटक टाकणारा गोलंदाज त्यांचाच शिष्य होता. एप्रिल २०२३ मध्ये नाईक गेले. मुंबईच्या मैदानांवर त्यांच्यासारखी माणसं मुलांना उभं करत आली आहेत आणि त्यांची नावं मुलांच्या नावांपुढे छोट्या अक्षरांत राहतात, याची खंत वाटते.

मुंबईच्या क्लब क्रिकेटमधून प्रशिक्षक टी. ए. शेखर यांच्या नजरेने त्याला चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये नेलं. तिथे ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली मुलांना घडवत होता. मुंबईच्या रणजी संघात जागा मिळणं अवघड, म्हणून तो बडोद्याकडे गेला. २०००-०१ मध्ये बडोद्याने रेल्वेला हरवून रणजी करंडक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात रेल्वेचा दुसरा डाव कापून काढणारे पाच बळी झहीरचे होते. चौथ्या डावात, धावा मोजक्या आणि प्रतिस्पर्धी विजयाच्या जवळ, अशा वेळी त्याने ते घेतले. पुढच्या कारकिर्दीची खूण तिथेच पटायला हवी होती.

तोवर तो भारतीय संघात आलाही होता. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत केनियाविरुद्ध, युवराजसिंगबरोबरच, त्याचं पदार्पण झालं. चार दिवसांनी, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी, त्याने ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉची यष्टी यॉर्करने उखडली आणि रात्रीतून देशभर त्याचं नाव झालं. पुढच्याच महिन्यात ढाक्यात कसोटी पदार्पण. बांगलादेशाची ती पहिलीच कसोटी आणि सौरव गांगुलीची कर्णधार म्हणून पहिली.

त्या पहिल्या काही वर्षांतला झहीर म्हणजे लांब रन-अप, चेंडू सोडताना उंच उडी, आणि जमेल तेवढा वेग. २००३च्या विश्वचषकात जवागल श्रीनाथ, आशिष नेहरा आणि झहीर या तिघांनी भारताला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. झहीरने १८ बळी घेतले. पण लोकांना आठवतं ते २३ मार्चचं जोहान्सबर्गमधलं पहिलं षटक. नो-बॉल, वाइड, मॅथ्यू हेडनशी बाचाबाची आणि १५ धावा. सात षटकांत ६७ धावा आणि एकही बळी नाही. ऑस्ट्रेलियाने ३५९ केल्या. चोवीस वर्षांच्या मुलाने अख्ख्या देशाच्या अपेक्षांचं ओझं एका षटकात उतरवायचा प्रयत्न केला आणि ते अंगावर आलं.

पुढची तीन वर्षं शरीराने दगा देण्याची. डिसेंबर २००३ मध्ये ब्रिस्बेनला त्याने ऑस्ट्रेलियाचे पाच गडी बाद केले आणि मांडीचा स्नायू दुखावल्याने मालिका अर्धवट सोडून तो मायदेशी परतला. नंतर इरफान पठाण आला, मग आर. पी. सिंग, श्रीशांत. २००५च्या अखेरीस निवड समितीने त्याला वगळलं, क्रिकेट मंडळाच्या करारात तो ‘ब’ श्रेणीतून ‘क’मध्ये घसरला. सत्ताविसाव्या वर्षी त्याच्याबद्दल भूतकाळात बोललं जाऊ लागलं.

अशा वेळी बहुतेक खेळाडू घरच्या मोसमात दोन-चार सामने गाजवून परत बोलावण्याची वाट पाहतात. झहीर इंग्लंडमध्ये वुस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला. २००६चा तो उन्हाळा त्याच्या कारकिर्दीचा खरा मधला खांब आहे. काउंटी क्रिकेट म्हणजे रोजंदारी. चार दिवसांचा सामना संपला की बसमध्ये बसायचं, दुसऱ्या गावी उतरायचं, पुन्हा चार दिवस. थंडी, ओली गवताळ खेळपट्टी, मोजके प्रेक्षक. वुस्टरशायरकडून पहिल्याच सामन्यात त्याने सॉमरसेटचे दहा गडी बाद केले. त्या काउंटीसाठी पदार्पणात असा पराक्रम शंभर वर्षांहून अधिक काळात कुणी केला नव्हता. जूनमध्ये चेम्सफर्डला एसेक्सविरुद्ध त्याने एका डावात १३८ धावांत ९ बळी घेतले. दहावाही मिळाला असता, पण यष्टिरक्षकाच्या हातून झेल सुटला. मोसमाच्या शेवटी काउंटी चॅम्पियनशिपमध्ये त्याचे ७८ बळी होते आणि वुस्टरशायर वरच्या विभागात गेलं होतं.

बळींच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं होतं ते त्या महिन्यांत बदललेलं त्याचं शरीर आणि डोकं. इतकी षटकं टाकायची तर धावण्यात ताकद उधळून चालत नाही. त्याने रन-अप छोटा केला, उडी आवरली. ताशी पाच-सात किलोमीटर वेग गेला असेल. त्याच्या बदल्यात चेंडू हवा तिथे टाकण्याची हमी मिळाली आणि संध्याकाळच्या षटकांसाठी पायात दम शिल्लक राहू लागला.

आता जुन्या चेंडूकडे यायला हवं, कारण झहीरचं सगळं शास्त्र तिथे आहे.

नवा चेंडू दोन्ही बाजूंनी चकचकीत असतो, शिवण उभी असते. शिवण स्लिपच्या दिशेला थोडी तिरपी धरून चेंडू सोडला की हवा एका बाजूने गुळगुळीत वाहते, दुसरीकडे शिवणीला अडखळून वेगळी वाहते आणि शिवण ज्या दिशेला वळवलेली असते, त्या दिशेला चेंडू हवेत वळतो. हा नेहमीचा स्विंग. चाळीस-पन्नास षटकांनंतर चित्र उलटं होतं. संघाने एक बाजू घामाने भिजवून, पँटवर घासून सांभाळलेली असते. दुसरी खेळपट्टीवर आपटून, गवतावर घसटून खडबडीत झालेली असते. आता पुरेशा वेगाने सोडलेला चेंडू अपेक्षेच्या विरुद्ध, चकचकीत बाजूकडे वळतो आणि तोही उशिरा, फलंदाजाच्या अगदी पुढ्यात. हा रिव्हर्स स्विंग. पाकिस्तानच्या सर्फराज नवाज, इम्रान खान, वसीम अक्रम, वकार युनूस यांनी ही विद्या जगाला दाखवली. भारतात ती सर्वांत आधी पूर्णपणे हस्तगत केली झहीरने.

फलंदाजाचा बचाव एकच, चेंडूची चकचकीत बाजू कुठे आहे ते गोलंदाज धावत येतानाच हेरायचं. झहीरने तोही बंद केला. त्याचं धावत येणं जवळून पाहिलं की दिसतं, डाव्या हातातला चेंडू त्याने छातीशी धरलेला आहे आणि उजव्या हाताचा पंजा त्यावर झाकणासारखा ठेवला आहे. हात सुटतो तो अगदी शेवटच्या क्षणी, चेंडू फेकण्याच्या ओघातच. चेंडू आत येणार की बाहेर जाणार, याचा निर्णय घ्यायला फलंदाजाकडे अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ उरतो. इंग्लंडच्या जेम्स अँडरसनने पुढे उघडपणे सांगितलं, की जुना चेंडू कसा वापरावा आणि धावताना तो कसा झाकावा हे आपण झहीरला पाहून शिकलो. ७०४ बळी घेऊन २०२४ मध्ये कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झालेल्या, वेगवान गोलंदाजांत सर्वाधिक बळी असलेल्या माणसाची ही कबुली आहे. श्रीरामपूरच्या मुलाला यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुठलं मिळायचं!

दुसरी गोष्ट कोनाची. डावखुरा वेगवान गोलंदाज सहसा ओव्हर द विकेट येतो आणि त्याचा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजासमोरून तिरपा जातो. झहीर यष्टीच्या दुसऱ्या अंगाने, राउंड द विकेट येऊन चेंडू दोन्हीकडे वळवू लागला. जुलै २००७ मध्ये ट्रेंटब्रिजला इंग्लंडला हे झेपलं नाही. पहिल्या डावात ४ आणि दुसऱ्यात ५ असे नऊ बळी त्याने घेतले. हा तोच सामना, ज्यात फलंदाजीला आलेल्या झहीरला खेळपट्टीवर कुणीतरी टाकलेल्या जेली बीन्सच्या गोळ्या सापडल्या आणि तो बॅट उगारून क्षेत्ररक्षकांना जाब विचारू लागला. वर्तमानपत्रं गोळ्यांनी भरली, पण सामना फिरला तो दुसऱ्या डावात. मायकेल वॉन १२४ वर होता, इंग्लंड सावरलं होतं, तेव्हा झहीरने त्याचा त्रिफळा उडवला आणि मागची फळी कोसळली. भारत सात गडी राखून जिंकला. राहुल द्रविडच्या संघाने ती मालिका १-० अशी जिंकली. इंग्लंडमध्ये भारताचा मालिकाविजय २१ वर्षांनी झाला होता. पुढच्या वर्षी ‘विस्डेन’ने वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत त्याची निवड केली.

भारतीय गोलंदाजीत त्याचा शब्द चालू लागला तो याच काळात. ईशांत शर्मा गोलंदाजीच्या खुणेकडे वळला की मिड-ऑनला किंवा मिड-ऑफला झहीर उभा असे, दोन वाक्यं बोले, चेंडू पुसून हातात देई. धोनीने त्याला गोलंदाजीतला सचिन म्हटलं होतं. त्यात अतिशयोक्ती नव्हती.

बेसबॉलशी त्याचं थेट नातं जुळलं ते २०११च्या विश्वचषकात, ‘नकल बॉल’मुळे. हा चेंडू मूळचा बेसबॉलचा. पहिली दोन बोटं आखडून नखांच्या टोकांनी किंवा बोटांच्या पेरांनी चेंडू धरायचा आणि मनगटाला झटका न देता सोडून द्यायचा. बेसबॉलमध्ये असा चेंडू जवळजवळ फिरतच नाही आणि त्याच्या शिवणीवर हवा अशी काही खेळते, की तो हेलकावे खात येतो. कुठे जाईल ते फेकणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं.

त्या चेंडूचा सम्राट हॉयट विल्हेम हा रिलीफ पिचरच होता. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका खेड्याजवळ वाढलेल्या या मुलाने वर्तमानपत्रातला फोटो पाहून टेनिसच्या चेंडूवर ही पकड गिरवली. मग दुसरं महायुद्ध आलं, तो युरोपात लढला, जखमी झाला. मोठ्या लीगमध्ये पोहोचेपर्यंत, १९५२ साली, वय तिशीला टेकलं होतं. पण हा चेंडू ताकदीवर चालत नाही, त्यामुळे तो पन्नाशीला येईपर्यंत खेळला. १,०७० सामने. त्याचा चेंडू झेलताना कॅचर इतके हैराण होत, की १९६० मध्ये बाल्टिमोरच्या मॅनेजरने त्याच्यासाठी नेहमीपेक्षा बराच मोठा हातमोजा बनवून घेतला. १९८५ मध्ये विल्हेमला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. हा मान मिळालेला तो पहिला रिलीफ पिचर. पुढे २०१९ मध्ये मारियानो रिवेरा त्याच दालनात एकमताने गेला. पनामातल्या मासेमारीच्या गावचा, बापाच्या होडीवर काम केलेला हा पोरगा न्यूयॉर्क यांकीजसाठी ६५२ सेव्ह करून गेला. मतदारांपैकी एकानेही ज्याला नाकारलं नाही, असा तो त्या खेळातला पहिला माणूस. सामना वाचवणाऱ्यांचं मोल कळायला बेसबॉललाही इतकी दशकं लागली.

क्रिकेटमध्ये नकल बॉलचा उपयोग वेगळा. हात त्याच वेगाने येतो, उडी तीच, रन-अप तोच. बोटांची पकड मात्र चेंडूला मागून ढकलत नाही, म्हणून तो फलंदाजाच्या हिशेबापेक्षा उशिरा पोहोचतो. नेहमीच्या संथ चेंडूत मनगट किंवा बोटं फिरवावी लागतात आणि तयारीचा फलंदाज ते ओळखतो. इथे ओळखायला काहीच नसतं. २० मार्चला चेन्नईत वेस्ट इंडीजचा डेव्हन स्मिथ ८१ वर खेळत होता, संघ दोन बाद १५४ वर होता. झहीरने या संथ चेंडूवर त्याचा त्रिफळा उडवला आणि वेस्ट इंडीजचा डाव १८८ धावांत आटोपला. चारच दिवसांनी अहमदाबादला उपांत्यपूर्व फेरीत माइक हसी, जगातला सर्वांत थंड डोक्याचा फलंदाज, तशाच चेंडूवर बॅट आणि पॅडच्या फटीतून त्रिफळाचीत झाला. ऑस्ट्रेलियाची विश्वविजेतेपदाची सलग तीन वेळची मालिका त्या सामन्यात तुटली. आज भुवनेश्वर कुमारपासून गल्लीतल्या पोरापर्यंत सगळे नकल बॉल टाकून बघतात. भारतात त्याचा धाक पहिल्यांदा दिसला तो त्या मार्च महिन्यात.

२ एप्रिलला वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात झहीरचा पहिला स्पेल होता पाच षटकं, तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. उपुल थरंगाचा झेल वीरेंद्र सेहवागने स्लिपमध्ये झेपावून घेतला. आठ वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या षटकाचा डाग यापेक्षा देखण्या रीतीने धुतला जाऊच शकत नव्हता. पण त्याच दिवशीची पुढची पाच षटकं विसरणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. त्यांत ५४ धावा गेल्या. महेला जयवर्धने शतकावर होता, थिसारा परेराने शेवटी बेफाम फटके मारले. शेवटी टाकणाऱ्याच्या नशिबात हेही असतं. बेंगळुरूत, चेन्नईत, मोहालीच्या उपांत्य सामन्यात ज्याने डाव राखला, त्याच्यावरच अंतिम सामन्यात मार पडला आणि तरीही धोनीने त्याला बाजूला केलं नाही. स्पर्धेत त्याचे २१ बळी झाले. शाहिद आफ्रिदीबरोबर सर्वाधिक. तीन विश्वचषकांतले मिळून ४४. श्रीनाथएवढेच. भारतासाठीचा हा विक्रम २०२३ मध्ये महंमद शमीने मोडेपर्यंत त्या दोघांच्या नावावर होता.

त्या कळसानंतर तीनच महिन्यांनी शरीराने हिशेब मागितला. जुलै २०११, लॉर्ड्‌स. पहिल्या दिवशी साडेतेरा षटकांत १८ धावा देऊन दोन बळी, चेंडू बोलत होता, आणि एकाएकी झहीर मांडी धरून बाहेर पडला. भारताने ती मालिका ४-० अशी गमावली. जगज्जेत्या संघाची गोलंदाजी एका माणसावर किती टेकलेली होती, ते त्या उन्हाळ्यात उघडं पडलं. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. पद्मश्री मिळायला २०२० उजाडलं.

त्याची शेवटची कसोटी फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला झाली आणि नगर जिल्ह्याने ती खास जपून ठेवावी अशी आहे. भारताच्या पहिल्या डावात अजिंक्य रहाणेने ११८ धावा केल्या. त्याचं ते पहिलं कसोटी शतक. रहाणे जन्माने संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, म्हणजे प्रवरेच्याच खोऱ्यातला, वाढला डोंबिवलीत. एकाच जिल्ह्यातल्या दोघांपैकी एकाची घडी बसत होती आणि दुसऱ्याची आवराआवर चालली होती. न्यूझीलंडच्या दुसऱ्या डावात ब्रेंडन मॅकलमने दोन दिवसांहून अधिक काळ ठाण मांडून ३०२ धावा केल्या. पस्तिशीतल्या झहीरने त्या एका डावात ५१ षटकं टाकली. १७० धावांत ५ बळी आणि शेवटी मॅकलमलाही धोनीकडे झेल देऊन बाद करणारा तोच. वेग तोवर बराच ओसरला होता. ३०० वा कसोटी बळी, जॅक कॅलिसचा, त्याने दोनच महिन्यांपूर्वी जोहान्सबर्गला घेतला होता. त्याच शहरात, जिथे २००३ मध्ये त्याचं हसं झालं होतं.

१५ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. ९२ कसोटींत ३११ बळी आणि २०० एकदिवसीय सामन्यांत २८२. पुढे दिल्लीच्या आयपीएल संघाचं कर्णधारपद, मुंबई इंडियन्समध्ये क्रिकेट संचालक, मग लखनऊच्या संघाचा मार्गदर्शक, असा त्याचा प्रवास चालूच राहिला.

ज्या जुन्या चेंडूवर त्याने सामने राखले, तो मात्र एकदिवसीय क्रिकेटमधून जवळजवळ हद्दपार झाला होता. २०११च्या विश्वचषकानंतर काही महिन्यांतच, त्या ऑक्टोबरपासून, दोन्ही टोकांकडून वेगवेगळे दोन नवे चेंडू वापरायचा नियम आला. डाव संपतानाही प्रत्येक चेंडू पंचवीसच षटकं जुना. चकाकी टिकते, खडबडीत बाजू तयारच होत नाही. चौदा वर्षं गोलंदाज कुरकुरत राहिले, सचिन तेंडुलकरनेही या नियमावर जाहीर टीका केली. अखेर जुलै २०२५ मध्ये नियमात बदल झाला. आता ३४ षटकांनंतर दोनपैकी एकच चेंडू निवडायचा आणि उरलेला डाव दोन्ही टोकांकडून त्याच चेंडूने खेळायचा. शेवटच्या षटकांत चेंडू आधीपेक्षा जास्त झिजलेला असेल. भारताकडे आज अर्शदीपसिंगसारखा डावखुरा आहे, जो शेवटची षटकं मागून घेतो. रिव्हर्स स्विंगचे धडे त्याच्या पिढीला द्यायचे, तर ते जवळून सांगू शकणारा माणूस आपल्याकडेच आहे.